नंबराचा सौदा

दिवाळीनंतर आमच्या आसगावात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द म्हणजे 'नंबर'. धान खरेदी केंद्रावर नोंद झाली का, नंबर कितवा, कधी लागणार? पवनी तालुक्यातल्या या चौरास पट्ट्यात माणूस भेटला की आधी नंबर विचारतो, मग तब्येत. तेव्हा रांग, नंबर आणि नंबरासाठी केलेली धडपड यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो माझ्या सातवीतल्या भाच्याने मोडला.

भाचा सकाळी सहाला उठून फोनवर अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतो. तिकडे रात्र असते, इकडे गाईचं दूध काढायची वेळ. एका सकाळी चहा पिताना तो म्हणाला, ''मामा, बोस्टनवाल्यांनी दोन म्हातारे देल्ले आन् बदल्यात नंबर घेतले. त्या नंबरावर जो पोरगा आला, तो सौदा झाला तवा नववी पास झाला होता.''

मला वाटलं, पोराचं काहीतरी ऐकण्यात चुकलं. माणूस देऊन माणूस घेतात हे ठीक, माणूस देऊन पैसे घेतात हेही ठीक. पण माणूस देऊन नंबर? आणि तोही अशा पोराचा, ज्याचं नाव सौदा करणाऱ्या दोघांपैकी एकालाही माहीत नाही? नीट चौकशी केली. पोरगा बरोबर होता, आणि गोष्ट त्याने सांगितली त्याहून कितीतरी अजब निघाली.

आधी ती रांग समजून घेऊ. समजा आमच्या गावात उद्यापासून असा नियम झाला: पुढच्या हंगामाचं बियाणं सगळ्यांनी एकाच ढिगातून एकेक पोतं निवडून घ्यायचं, पण ज्याच्या बांधीत यंदा सगळ्यात कमी धान झालं त्याने पहिल्यांदा निवडायचं. त्याच्यानंतर त्याहून जरा बरं पिकलेला. ज्याचं घर धानाने भरलं, तो सगळ्यात शेवटी. ही उलटी रांग. अमेरिकेतल्या खेळांमध्ये तिला ड्राफ्ट म्हणतात. बँकेच्या ड्राफ्टशी त्याचा संबंध नाही असं मी लिहिणार होतो, पण थोडा आहे. तो पुढे येईल.

कॉलेजातून किंवा परदेशातून येणारी नवी पोरं दरवर्षी एका दिवशी मांडली जातात आणि मागच्या हंगामात सर्वांत जास्त हरलेल्या संघांना निवडीचा मान आधी मिळतो. कल्पना बर्ट बेल या माणसाची. तो फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक होता आणि संघ सारखा हरत होता. चांगले खेळाडू श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जातात, मग आपण कायम हरतच राहायचं का, हा त्याचा सवाल. इतर मालकांना तो पटला, कारण एकतर्फी सामन्यांना तिकीट काढून कोण येणार? 1936 साली पहिली उलटी रांग लागली. पहिला नंबर अर्थातच बेलच्या संघाचा. त्यांनी जे बर्वँगर नावाचा गाजलेला खेळाडू निवडला, पण त्याचा पगार झेपेना म्हणून त्याच्यावरचा हक्क शिकागोला देऊन टाकला. शिकागोशीही बर्वँगरचं जमलं नाही. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता दुसऱ्या धंद्याला लागला. म्हणजे जगातल्या पहिल्या ड्राफ्टचा पहिला नंबर तेव्हाच हातोहात फिरला आणि वायाही गेला. पुढे नव्वद वर्षांत या प्रकाराचं जे जे झालं, त्याची सगळी बीजं या एका किश्श्यात आहेत.

बास्केटबॉलने ही पद्धत 1947 साली उचलली. बास्केटबॉलमध्ये तिचं मोल आणखी वाढलं, कारण मैदानात एका संघाचे पाचच जण असतात. क्रिकेटमध्ये एक विराट असला तरी दहा जण सोबत लागतात. इथे एक असामान्य खेळाडू म्हणजे संघाचा पाचवा हिस्सा, आणि तो बहुतेक वेळ मैदानातच. एक पोरगा बरोबर निवडला की दहा वर्षांचं नशीब पालटतं.

दुसरी गोष्ट पगाराची. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार त्याच्या गुणावर नाही, त्याच्या नंबरावर ठरतो. तक्ता ठरलेला असतो. पोरगा दुसऱ्याच वर्षी देशातल्या पहिल्या दहांत आला तरी पहिली चार वर्षं त्या तक्त्यातलाच पगार. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्याने ही स्वस्ताई सोन्याच्या मोलाची ठरते. वाचलेल्या पैशातून दुसरा मोठा खेळाडू घेता येतो. म्हणजे नंबर हा नुसता मान नाही, ती सवलतीची पावती आहे.

पावती आली की ती विकणारा आलाच.

इथे मला बँकेच्या ड्राफ्टचीच थोरली बहीण, म्हणजे आपल्या जुन्या पेढ्यांवरची हुंडी आठवली. हुंडी दोन तऱ्हेची असे. दर्शनी, म्हणजे दाखवली की पैसे; आणि मुदती, म्हणजे अमुक दिवसांनी पैसे. मुदती हुंडी मुदतीच्या आधी दुसऱ्याला विकता येई. बास्केटबॉलमधला नंबर ही मुदती हुंडीच, फक्त एक विचित्र फरक आहे. हुंडीवर रक्कम लिहिलेली असते. इथे रकमेची जागा कोरी. 'ब्रुकलिन संघाचा 2018 सालचा पहिल्या फेरीचा नंबर' एवढंच लिहिलेलं. तो नंबर पहिला असेल की तिसावा, हे ब्रुकलिन त्या वर्षी किती हरतं त्यावर. म्हणजे ज्याच्याकडून हुंडी घेतली त्याचं जितकं वाईट होईल तितकी रक्कम वाढणार. सावकाराने कर्जदाराच्या दिवाळ्याची वाट पाहावी, असा हा कागद आहे.

आता बोस्टनची ती गोष्ट.

2008 साली बोस्टन सेल्टिक्स विजेते झाले. त्यात दोन मुख्य नावं होती: पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट. 2013 च्या उन्हाळ्यात पिअर्स 35 वर्षांचा होता, गार्नेट 37 चा. दोघंही अजून खेळत होते, नाव होतं, दबदबा होता. तिकडे ब्रुकलिन नेट्स हा संघ वर्षभरापूर्वी न्यू जर्सीहून नव्या मैदानात आलेला. मालक रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव. त्याला विजेतेपद हवं होतं आणि ते आत्ता हवं होतं. बोस्टनचा व्यवस्थापक डॅनी एंज याला हे समोर दिसत होतं.

सौदा ठरला. पिअर्स, गार्नेट आणि सोबत जेसन टेरी ब्रुकलिनला. बदल्यात काही मधले खेळाडू, जे पगाराचा हिशेब जुळवायला लागतात म्हणून घेतलेले, आणि खरा माल म्हणजे 2014, 2016 व 2018 या तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर. शिवाय 2017 साली दोन संघांच्या नंबरांत जो चांगला असेल तो बोस्टनने घ्यायचा, ही अट. गार्नेटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला पाठवता येणार नाही असं कलम होतं. त्याने संमती दिली.

आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. बघणाऱ्याला भाव कळत नाही, पण निदान बैल तरी समोर उभा असतो. त्याचं तोंड उघडून दात मोजता येतात. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दातांवरून वय, वयावरून भाव. बोस्टनने जो माल घेतला त्याचे दात मोजायची सोयच नव्हती. 2013 च्या त्या जूनमध्ये जेलन ब्राउन 16 वर्षांचा शाळकरी मुलगा होता आणि जेसन टेटम 15 चा. हे दोघे आपल्या वाट्याला येणार हे कोणालाच माहीत नव्हतं, त्या दोघांना तर नाहीच.

मग काय झालं? ब्रुकलिनने पहिल्या वर्षी 82 पैकी 44 सामने जिंकले आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरून ते घरी गेले. एका हंगामानंतर पिअर्स वॉशिंग्टनला निघून गेला. 2015 च्या फेब्रुवारीत गार्नेटही गेला. हाती राहिलं ते म्हाताऱ्या संघाचं रिकामं खळं, आणि ते भरायला बियाणं नाही, कारण नंबर बोस्टनकडे. 2015-16 मध्ये ब्रुकलिनने 21 सामने जिंकले आणि 61 हरले. उलट्या रांगेत त्यांचा नंबर तिसरा लागला. तो बोस्टनने वापरला: जेलन ब्राउन. पुढच्या वर्षी ब्रुकलिन 20-62, लीगमध्ये सगळ्यात खाली. त्यांच्या नंबराला पहिलं स्थान मिळालं. अदलाबदलीच्या अटीने तोही बोस्टनचा. एंजने हा पहिला नंबर फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, वर आणखी एक भविष्यातला नंबर उकळला, आणि तिसऱ्या नंबरावर जो त्याला मुळात हवा होता तोच पोरगा घेतला: जेसन टेटम. तो हंगाम बोस्टनने 53 विजयांसह पूर्वेच्या गटात पहिल्या स्थानावर संपवला होता! म्हणजे ज्याचं घर धानाने भरलं होतं, त्याच्याच हातात गावातल्या सर्वांत गरीब माणसाचा नंबर होता.

जून 2024 मध्ये बोस्टनने डॅलसला 4-1 ने हरवून अठरावं विजेतेपद मिळवलं. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्राउन. सौदा झाला त्याला अकरा वर्षं होत आली होती.

या गोष्टीत मला एंजच्या हुशारीचं फार अप्रूप वाटत नाही. म्हातारा बैल कधी विकावा हे आमच्या आबाजींनाही कळत होतं. ''बैल चालता हाय तवरच इकावा बापा, बसल्यावर कोन घेते?'' हे त्यांचं वाक्य. विकताना मात्र दोन दिवस जेवत नसत, ती गोष्ट वेगळी. मला थक्क करते ती दुसरीच बाब. एकाच माणसाची दोन घरांत दोन वेगळी किंमत असते आणि दोन्ही खऱ्या असतात. जिंकायच्या उंबरठ्यावर असलेल्या संघाला 35 वर्षांच्या पिअर्सचं एक वर्ष लाखमोलाचं. जो संघ चार वर्षं जिंकणारच नाही, त्याला तेच वर्ष कवडीमोल, कारण तो जिंकण्याजोगा होईल तेव्हा पिअर्स निवृत्त झालेला असेल. उलट चार वर्षांनी येणारा पोरगा पहिल्याच्या काही कामाचा नाही आणि दुसऱ्याला तोच हवा. दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि सौदा त्या घड्याळांमधल्या अंतराचा होतो. दोघंही आपापल्या जागी शहाणे असू शकतात. ब्रुकलिनचं चुकलं ते म्हातारे घेतले म्हणून नाही. त्यांनी आपलं घड्याळ वाचण्यात चूक केली आणि नंबरावर कुठलीही मर्यादा घातली नाही, म्हणून.

कारण मर्यादा घालता येते. 'हा नंबर तुला देतो, पण तो पहिल्या पाचात लागला तर माझ्याकडेच राहील, मग पुढच्या वर्षीचा घे' अशी अट सर्रास असते. आपल्याकडे बटईने शेत देताना आंब्याचं झाड सोडून देतात, तसंच. ब्रुकलिनने झाडासकट दिलं.

माणसं आपलं भविष्य इतक्या सहज विकून टाकतात की लीगला कायदा करावा लागला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँड संघाचा मालक होता टेड स्टेपियन. त्याने पुढच्या वर्षांचे नंबर असे वाटले की संघाकडे बियाणंच उरेना. शेवटी नियम झाला, आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो: येणाऱ्या कोणत्याही लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही नंबर हाती नाही, अशी वेळ संघाने आणायची नाही. शिवाय सात वर्षांपलीकडचा नंबर विकायचा नाही. एखाद्या माणसाची अशी आठवण राहावी हे दुर्दैवच, पण नियम शहाणपणाचा आहे. बियाण्याचं धान खाऊन टाकायला बंदी, एवढाच त्याचा अर्थ.

उलट्या रांगेत आणखी एक खोट आहे, जी तुमच्या आधीच लक्षात आली असेल. हरण्याला बक्षीस मिळत असेल तर माणूस मुद्दाम हरेल. हरलेही. फिलाडेल्फियाने 2013 ते 2016 या काळात जाहीरपणे धीर धरण्याच्या नावाखाली इतकं हरून घेतलं की 2015-16 च्या हंगामात 82 पैकी फक्त 10 सामने जिंकले. मुद्दाम हरण्यावर उपाय म्हणून 1985 पासूनच चिठ्ठ्यांची सोडत आहे. आता ती चेंडूंनी होते आणि ती मला फार आवडते. एका यंत्रात 1 ते 14 आकडे लिहिलेले 14 चेंडू उडत असतात. त्यातले चार बाहेर येतात. चौदातून चार, क्रम न पाहता, किती तऱ्हांनी निघू शकतात? नेमक्या 1001. त्यातल्या हजार जोडण्या हरलेल्या संघांत वाटून दिलेल्या असतात, आणि उरलेली एक निघालीच तर पुन्हा चेंडू काढतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाला हजारातल्या 250 जोडण्या मिळत. 2019 पासून तळातल्या तिघांनाही 140-140. सगळ्यात जास्त हरण्यात आता फारसा नफा नाही. भाच्याने हे 1001 गणिताच्या वहीत करून दाखवलं आणि मला त्याच्या बास्केटबॉलबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे?

आपल्याकडे सगळ्यात जवळचं उदाहरण अजिंक्य रहाणेचं. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला, डोंबिवलीत वाढलेला हा फलंदाज 2011 पासून राजस्थान रॉयल्समध्ये होता. मग 2015 मध्ये राजस्थान आणि चेन्नई या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, आणि आयपीएलच्या इतिहासात एक विरळा प्रसंग घडला. चेन्नई आणि राजस्थानच्या बंद पडलेल्या घरांतले खेळाडू पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी आळीपाळीने निवडून घेतले. म्हणजे खराखुरा ड्राफ्ट. डिसेंबर 2015 मध्ये पहिला नंबर पुण्याचा होता. त्यांनी घेतला महेंद्रसिंग धोनी. राजकोटने सुरेश रैना. पुण्याचा पुढचा नंबर आला तेव्हा त्यांनी घेतला अजिंक्य रहाणे, साडेनऊ कोटींना. ड्राफ्टमधून निवडला गेलेला मराठी खेळाडू हवा असेल तर हा घ्या. दीड वर्षात तो पुण्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला, मुंबईकडून एका धावेने हरला आणि कायमचा मिटला.

रहाणे राजस्थानला परतला, 2018 मध्ये कर्णधार झाला, 2019 च्या हंगामात मध्येच कर्णधारपद गेलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये त्यालाच दिल्लीला देऊन टाकण्यात आलं. तेव्हा तो 31 वर्षांचा. बदल्यात राजस्थानला मिळाले दोन फिरकीपटू: 22 वर्षांचा मयंक मार्कंडे आणि 26 वर्षांचा राहुल तेवतिया. मार्कंडे तर गमतीदार. तो काही महिन्यांपूर्वीच मुंबईकडून दिल्लीला आला होता आणि दिल्लीसाठी एकही सामना न खेळता राजस्थानला गेला. बाजारात आणलेला गोऱ्हा दाव्याला बांधायच्या आधीच दुसऱ्याने सोडून न्यावा, तसा.

मुरलेला कर्णधार देऊन तरणी पोरं. बोस्टनसारखंच वाटतं ना? पण एक मोठा फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. राजस्थानने तेवतिया डोळ्यांनी पाहिलेला होता. आयपीएलमध्ये 2031 सालचा नंबर विकता येत नाही, कारण नंबरच नाहीत. लिलाव आहे. दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू सोडले तर सगळा संघ पुन्हा मांडावा लागतो. शेत दर तीन वर्षांनी पंचायतीकडे परत जाणार असेल तर त्यात आमराई कोण लावेल? म्हणून आपल्याकडे अदलाबदली असतात, पण त्या हातातल्या माणसांच्या. न पाहिलेल्या पोरांच्या नाहीत. आणि इथे खेळाडूची संमती लागतेच, तिकडे मात्र गार्नेटसारखं कलम फार थोड्यांच्या नशिबी. बहुतेकांना सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी गाव बदललेलं असतं. हे मला तिथल्या सगळ्या चमत्कारापेक्षा खटकतं. संघ 'उभारणी' म्हणतात त्या शब्दात एका माणसाची मोडलेली बिऱ्हाडं दिसत नाहीत.

अशा अदलाबदलींच्या आपल्याकडच्या सुरुवातीलाही एक मराठी मुलुखातला माणूस होताच. 2009 च्या हंगामाआधी श्रीरामपूरचा झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला. झहीर तिशीचा, उथप्पा तेवीसचा.

रहाणेच्या सौद्यात जिंकलं कोण, याचा हिशेब मी तीनदा केला आणि तीनदा उत्तर वेगळं आलं. 27 सप्टेंबर 2020, शारजा. पंजाबविरुद्ध 224 धावांचं लक्ष्य. तेवतियाने पहिल्या 19 चेंडूंत फक्त 8 धावा केल्या. टीव्हीसमोर बसलेला अख्खा देश त्याला शिव्या देत होता, त्यात मीही. मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार. राजस्थान जिंकलं. त्या रात्री वाटलं, सौदा राजस्थानने मारला. हंगाम संपला तेव्हा राजस्थान तळाला होतं आणि दिल्ली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात. तरी दिल्लीकडे रहाणे त्या वर्षी नऊच सामने खेळला होता. मग वाटलं, दोघांनीही फारसं काही कमावलं नाही. 2022 मध्ये तेवतिया नऊ कोटींना गुजरातकडे गेला आणि गुजरात त्याच वर्षी विजेतं झालं. म्हणजे रोप एकाने लावलं, लोंबी दुसऱ्याच्या खळ्यात.

आणि रहाणे? 2023 च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला 50 लाखांना घेतलं. साडेनऊ कोटींवरून 50 लाख. एप्रिलमध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याने 27 चेंडूंत 61 केल्या. त्या हंगामात त्याच्या 326 धावा झाल्या, दर शंभर चेंडूंमागे 172 च्या वेगाने. हा तोच माणूस, ज्याला संथ म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्याला भारतीय कसोटी संघात परत बोलावलं, चेन्नई विजेती झाली, आणि ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने 89 केल्या. 2025 मध्ये तो कोलकात्याचा कर्णधार होता. तेव्हा त्याने दिवाळीनंतर पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उतरणाऱ्या बैलजोडीची आठवण करून दिली. आमच्या जिल्ह्यात लाखनीचा शंकरपट नावाजलेला. तिथे जुळलेल्या दातांचा एखादा बैल बाजारात कोणी विचारत नाही आणि दाणीवर सुटला की तरण्यांना मागे टाकतो, असं जुनी माणसं सांगतात. वय मोजता येतं, चाल मोजता येत नाही.

मात्र आकडेवारी या म्हातारपणाच्या रोमान्सला दुजोरा देत नाही, हे कबूल करायला हवं. बास्केटबॉलपटूचा कस साधारण सत्ताविशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि तिशीनंतर गुडघे, धाव, उडी सगळंच उतरणीला लागतं. रहाणे अपवाद आहे. अपवादाच्या भरवशावर संघ चालवू नये. तरीपण तो आवडतो, त्याला इलाज नाही.

नंबरही सगळे टेटम निघत नाहीत. बोस्टनने त्याच सौद्यातल्या 2014 च्या नंबरावर घेतलेला जेम्स यंग काही वर्षांत लीगबाहेर गेला. पहिल्या चार-पाच नंबरांपुढे भाव झपाट्याने उतरतो आणि दुसऱ्या फेरीतले नंबर म्हणजे बव्हंशी फोलपट. पण त्या फोलपटातही एक नाव आपलं आहे. 2015 साली 60 पैकी 52 व्या नंबरावर डॅलसने निवडला सतनाम सिंग. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या लहानशा गावातला, सात फूट दोन इंचांचा पोरगा. एनबीएमध्ये, म्हणजे याच बास्केटबॉल लीगमध्ये, निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. त्याला तिथे मुख्य लीगचा सामना खेळायला मिळाला नाही. तरी 52 वा नंबर, आणि तो एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात!

बोस्टनच्या धाटणीचा दुसरा मोठा सौदा 2019 चा. ओक्लाहोमाने पॉल जॉर्ज हा ताकदीच्या भरात असलेला खेळाडू लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा, लीगमध्ये एकच वर्ष काढलेला पोरगा, पाच नंबर आणि दोन अदलाबदलीचे हक्क घेतले. त्यातला 2022 चा नंबर बारावा लागला, त्यावर आला जेलन विल्यम्स. जून 2025 मध्ये ओक्लाहोमा विजेतं झालं. गिल्जस-अलेक्झांडर अंतिम मालिकेचा सर्वोत्तम, आणि पाचव्या सामन्यात विल्यम्सच्या 40 गुणांचा घाव. जॉर्ज तोवर क्लिपर्स सोडून तिसरीकडे गेला होता.

आमच्याकडे धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल आहे तोवर, उभ्या धानातच लाखोळी फेकतात. उतेरा म्हणतात त्याला. वरून बघणाऱ्याला फक्त पिकलेलं धान दिसतं. खाली, त्याच्या सावलीत, पुढचं पीक उगवलेलं असतं. ज्याने धान कापून, बांधी वाळवून मग लाखोळी टाकली, त्याला काही मिळत नाही. ओक्लाहोमा आणि बोस्टनने हेच केलं, फक्त त्यांना त्यासाठी कागद करावे लागले.

हे भाच्याला सांगितलं तर त्याला लाखोळीत रस नव्हता. त्याने वेगळाच हिशेब मांडून ठेवला होता. नंबर सात वर्षं पुढचा विकता येतो. ड्राफ्टमध्ये उतरायला किमान वय 19. एकोणिसातून सात गेले, राहिले बारा. म्हणजे आज अमेरिकेत ज्या सगळ्यात लांबच्या नंबराचा सौदा होतो, तो पोरगा आज बारा वर्षांचा असू शकतो. सातवीतला.

भाचा बारा वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीला लावायला त्याला आता लोखंडी रिंग हवी आहे. पवनीच्या वेल्डरला विचारून ठेवलंय.